विश्वामित्रीकाठी मोठी स्कीम येतेय, पर्यावरणाची तपासणी कॉर्पोरेशन करतं का?

तुम्ही विचारलंय की नदीकाठी मोठी गृहयोजना येतेय, तिचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे बडोदा कॉर्पोरेशन तपासतं का, आणि सामान्य माणसाला हरकत घेता येते का.

कॉर्पोरेशन रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, देतं. पर्यावरण मंजुरी वेगळी असते. 14 सप्टेंबर 2006च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर ती घ्यावीच लागते, आणि अशा स्कीमला सहसा ती गांधीनगरचं राज्यस्तरीय प्राधिकरण देतं. हातात मंजुरी येण्याआधी कुंपण आणि राखणदाराची खोली सोडून जागेवर काही करता येत नाही. म्हणून आधी परिवेश पोर्टलवर, म्हणजे अशा मंजुऱ्यांच्या केंद्र सरकारी वेबसाइटवर, प्रकल्पाचं नाव शोधा. अर्जच नसेल आणि जेसीबी फिरत असेल, तर फोटो काढून प्राधिकरणाला आणि कलेक्टरना लेखी कळवा.

जनसुनावणीची वाट मात्र बघू नका. कारखाना किंवा खाण असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, 30 दिवस आधी पेपरात नोटीस येते, कलेक्टर किंवा त्यांचे अधिकारी अध्यक्ष असतात. इमारतींच्या प्रकल्पांना तिच्यातून सूट आहे. मला हे फार खटकतं, कारण पाणी शिरतं ते शेजाऱ्यांच्या घरात.

पादरा तालुक्यात एका कारखान्याच्या सुनावणीला मी गेले होते. जाड अहवाल टेबलावर होता. हवेची, पाण्याची सगळी मोजमापं हिवाळ्यातली, कारण अशा अहवालांसाठी बहुतेक वेळा पावसाळा सोडून एकाच ऋतूची मोजणी पुरते. एक आजोबा उठले आणि म्हणाले, "साहेब, श्रावणात इथे गुडघाभर पाणी असतं, ते कुठल्या पानावर आहे?" पान नव्हतं. त्यांचं बोलणं इतिवृत्तात आलं, त्यावर कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागलं.

तुमचं काम तेच आहे: कागदावर नसलेला पावसाळा कागदावर आणायचा. आपल्याकडे पाऊस लागला की जो तो विचारतो, काळा घोड्याला, म्हणजे नदीची पातळी मोजतात त्या पुलापाशी, किती फूट झालं? ऑगस्ट 2024च्या पुरात समा भागात माझ्या आत्याच्या जिन्याची चौथी पायरी बुडाली; भिंतीवरची रेघ मी टेपने मोजून ठेवली. तुमच्या गल्लीतल्या अशा रेघा दिवाळीचा रंग लागायच्या आत मोजा. पट्टी लावून फोटो, तारीख, घराची जागा लिहा. पाणी कुठल्या कांसाने, म्हणजे नाल्याने, येतं आणि प्रस्तावित भराव त्या वाटेत येतो का, तेही लिहा. मगरींची बिळं माहीत असतील तर तीसुद्धा. एक प्रत प्राधिकरणाला, एक कॉर्पोरेशनच्या आयुक्तांना, आणि दोन्हीकडून पोच घ्या.

मंजुरी मिळाली की बिल्डरला 7 दिवसांत दोन स्थानिक पेपरांत जाहिरात द्यावी लागते. ती कापून ठेवा. तिथून 30 दिवसांत राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे अपील करता येतं. कॉर्पोरेशनच्याच विश्वामित्री रिव्हरफ्रंट प्रकल्पाच्या वेळी, 2016 साली, बडोद्याच्या नागरिकांनी याच खंडपीठाकडे दाद मागितली आणि मंजुरीशिवाय काम करायला कॉर्पोरेशनला मनाई झाली.