वाचकांचे प्रश्न : बार्शी लाइटचे इंजिन, लेगोच्या ठोकळ्यांतून

प्रश्न : मिरज जंक्शनात एके काळी तीन रुंदीचे रूळ होते. त्यांपैकी अरुंद रुळांवर धावणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेच्या जुन्या वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती मी लेगोच्या ठोकळ्यांतून तयार करत आहे. ‘पॉवर फंक्शन्स’ मालिकेतील एक्सएल मोटर जोडली आहे. रुळांवर ठेवले की अर्ध्या फेऱ्यानंतर चाके अडकतात आणि मोटर नुसती गुणगुणते. हाताने ढकलले तर वळणावर इंजिन रुळांवरून उतरते. मोटर कमी पडते आहे का? प्रमाण कोणते धरावे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : मोटर कमी पडत नसावी, उलट आपल्या कामाला ती जरा जास्तच होईल. दोष जोडदांड्यांत, म्हणजे चाके एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांत, असण्याची शक्यता मोठी आहे आणि तो शोधण्यासाठी इंजिन उलटे करून मांडीवर घ्यावे लागेल.

ही रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि तिचा फाटा १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आला. तिचा आराखडा करणाऱ्या एव्हरार्ड काल्थ्रॉप यांनी कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू द्यायचा नाही असे ठरवले होते. हलक्या रुळांवर ताकदवान इंजिन चालवायचे तर वजन अनेक आसांवर वाटून देणे भाग होते, म्हणूनच सुरुवातीच्या इंजिनांना एकमेकांशी जोडलेली आठ चाके आणि त्यांच्या मागे आधाराची चार चाके दिली गेली. आपला त्रास या आठ चाकांतून निघालेला आहे.

आपली मोटर एकाच आसाला फिरवत असेल तर उरलेले तीन आस केवळ दांड्यांच्या ओढीवर फिरतात. दांडा आणि चाकाचे केंद्र एका रेषेत आले की त्या क्षणी ती ओढ शून्य होते. दोन्ही बाजूंचे दांडे एकाच वेळी या स्थितीत आले, तर एखादा आस उलटा फिरू पाहतो आणि सगळे जाम होते. त्यामुळे खऱ्या इंजिनात डावी आणि उजवी बाजू एकमेकींपासून पाव फेऱ्याने मागेपुढे ठेवलेली असते. लेगोचा आस अधिकच्या चिन्हासारखा चार पाकळ्यांचा असल्याने हे काम फार सोपे आहे : एका बाजूची चारही चाके उपसावीत, प्रत्येक चाक एकाच दिशेने एक पाकळी फिरवावे आणि परत बसवावे. दांडे जोडताना काळ्या पिना वापरल्या असतील तर त्याही बदलाव्यात, कारण त्यांच्या अंगावर घर्षणासाठी बारीक उंचवटे असतात. करड्या गुळगुळीत पिना मोकळ्या फिरतात.

आता वळणाचे. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४० स्टड (स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा, आणि मापात त्याची जागा), म्हणजे ३२० मिलिमीटर असते. आस चार-चार स्टडवर असतील तर पहिला आणि चौथा यांत ९६ मिलिमीटर अंतर पडते, आणि अशा वळणात मधली चाके रुळापासून साधारण तीन मिलिमीटर बाजूला जातात. तेव्हा मधल्या दोन आसांवर बिनकडेची चाके, म्हणजे रुळाला आतून धरणारी उंच कड नसलेली चाके, लावावीत. लेगोची २००९ मध्ये आलेली मोठी चाके कडेची आणि बिनकडेची अशी दोन्ही प्रकारांत आहेत, मात्र या इंजिनाला ती फार मोठी दिसतील. मध्यम आकाराची चाके छोटे स्वतंत्र उत्पादक बनवतात. मागच्या चार चाकांची गाडी खिळीवर मोकळी वळली पाहिजे, हे सांगायला नकोच.

प्रमाणाबाबत मात्र तडजोड करावी लागेल. लेगोच्या रुळांमधले अंतर ३७.५ मिलिमीटर आहे आणि बार्शी लाइटचे ७६२, म्हणून रुळांशी इमान राखायचे तर प्रमाण १:२० येते. एवढे धूड त्या वळणात फिरणार नाही. मी १:४५ धरीन. ब्रॉडगेजच्या १६७६ मिलिमीटरशी ते जवळजवळ तंतोतंत जुळते, त्यामुळे पुढे आपण पुणे–कोल्हापूर मार्गावरची गाडी केली तर दोन्ही शेजारी शोभतील. रूळ रुंद दिसतील आणि कट्टर मंडळी नाक मुरडतील, पण पाहणाऱ्याची नजर आधी बॉयलरवर आणि बाजूच्या पाण्याच्या टाक्यांवर जाते. त्या टाक्यांच्या मधोमध मोटर बसवावी, म्हणजे तिचे वजन ओढणाऱ्या चाकांवर येईल. बॅटरी केबिनच्या पुढच्या बाजूला ठेवावी, कोळशाच्या पेटीत अगदी शेवटी नको.

वेगासाठी मोटरवर १२ दात्यांचे आणि आसावर २० दात्यांचे चक्र घ्यावे. मोकळी असताना ही मोटर मिनिटाला सुमारे २२० फेरे घेते, त्यामुळे चाकाला सुमारे १३२ मिळतात. चाकाचा व्यास २४ मिलिमीटर असेल तर या प्रमाणात तो वेग ताशी २७ किलोमीटरच्या आसपास येतो. ओझ्याखाली तो आणखी उतरेल, पण अरुंद रुळांच्या गाडीला तेच शोभते.

प्रश्न : नातवाचे ठोकळ्यांचे इंजिन कुरकुरते. चाकांना शिलाई मशीनचे तेल द्यावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : देऊ नये. त्यावर धूळ बसते आणि आस आणखी जड फिरतो. आधी चाके काढून आस पाहावेत. सांगलीत घरी मी सतरंजीवर रूळ मांडले होते आणि आठवडाभर मोटरला दोष देत बसलो. शेवटी चाक काढले, तर आसाभोवती सतरंजीचा निळा दोरा सात-आठ वेढे घट्ट बसलेला निघाला. तो चिमट्याने ओढून काढला आणि रूळ फरशीवर मांडले.