जाहिरातीतले बूट

प्रश्न : टीव्हीवर सारखे झळकणारे धावण्याचे बूट घ्यावेत का? मी रोज तळजाई टेकडीवर पळते.
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ताई, घाई करू नका. असेच बूट मी दिवाळीच्या बोनसमधून घेतले होते. तिसऱ्याच आठवड्यात उजव्या टाचेखालचा फोम एका बाजूला दबला आणि तळजाई उतरताना करंगळीला टपोरा फोड आला. आठवलं की अजून जीव चुटपुटतो. फोममधले हवेचे बारीक बुडबुडे चेपत जातात. वरून बूट मात्र नवाकोरा दिसतो! खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय जरा फुगलेले असतात. पळतानाचेच मोजे घाला, बोटांपुढे अंगठाभर जागा ठेवा आणि दुकानदार कुरकुरला तरी थोडं पळून बघाच.