कोल्हापूरच्या कॉलेज लॅबमध्ये उबुंटूवर फोर्ट्रान प्रोग्राम लिंक करताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू डीजीईएसव्ही’ येतं. लॅपॅक (डीजीईएसव्ही ज्यात आहे ती गणिती लायब्ररी) तर टाकलेलं आहे, मग असं का?

भावा, लायब्ररींची नावं कमांडच्या शेवटी ने: आधी तुझ्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे), मग लॅपॅक, सगळ्यात शेवटी ब्लास (मॅट्रिक्सच्या मूलभूत गणितांची लायब्ररी). लिंकर, म्हणजे हे तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा, डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि तोवर ज्याची मागणी झालीय तेवढंच लायब्ररीतून उचलतो. लॅपॅक आधी लिहिलं तर तेव्हा कुणालाच काही नको असतं, म्हणून ते रिकामंच मागे पडतं. ब्लास शेवटी, कारण लॅपॅक स्वतःच त्याला हाक मारतं. डीजीईएसव्हीच्या शेपटीला अंडरस्कोर दिसला तर बिचकू नकोस, तो जीफोर्ट्रान हा कंपायलर स्वतःच चिकटवतो. मात्र एरर ‘कॅनॉट फाइंड’ असा असेल तर क्रमाचा काही संबंध नाही. लिबलॅपॅक-डेव्ह हे पॅकेज टाकायचं राहिलंय का बघ.