बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना संशोधनलेखनातील नीतिमत्ता कशी शिकवावी?

आपण विचारले आहे की, हा विषय शिकवायला सुरुवात कुठून करावी. मी गोव्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि माझ्या मते सुरुवात वाङ्मयचौर्यावरील व्याख्यानाने करू नये. ती प्रयोगाच्या जर्नलपासून करावी, कारण रीडिंग ‘बसवण्याची’, म्हणजे अपेक्षित उत्तराशी जुळवून घेण्याची, सवय तिथेच लागते.

आमच्या एका विद्यार्थिनीने दिवाडी बेटावरच्या खाजणातील, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीतील, पाण्याच्या खारेपणावर प्रकल्प केला होता. सिल्व्हर नायट्रेट वापरून काढलेली तिन्ही बाटल्यांची रीडिंग जवळजवळ सारखी होती, म्हणून मी कच्ची वही मागितली. तिसरा आकडा खोडलेला होता आणि खोडण्याआधी तो इतर दोहोंच्या जवळपास दुप्पट होता. ‘सर, जुळत नव्हतं, मार्क गेले असते,’ असे ती म्हणाली. ती बाटली तिने भरतीच्या वेळी मानशीजवळ, म्हणजे बांधातील पाणी आत-बाहेर सोडण्याच्या दाराशी, भरली होती. खारे पाणी कुठून आत शिरते याचा धागा नेमका त्या खोडलेल्या आकड्यात होता. तिच्या भीतीला आम्ही शिक्षकच कारणीभूत होतो, हे मला मनापासून लागले; तेव्हापासून मी कच्च्या नोंदींना आणि न जुळणाऱ्या रीडिंगच्या स्पष्टीकरणाला वेगळे गुण देतो.

यानंतरच मी यान हेंड्रिक शोन यांचे बनावट आकड्यांचे प्रकरण सांगतो. अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेतील या भौतिकशास्त्रज्ञाच्या वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत बारीकसारीक चढउतारसुद्धा हुबेहूब सारखे निघाले. 2002 च्या चौकशीत व्यवस्थित ठेवलेल्या प्रयोगवह्या मिळाल्या नाहीत, आणि संगणकात जागा नसल्याने मूळ आकडे पुसल्याचे त्यांनी सांगितले. स्वतःची कच्ची वही समोर असलेल्या मुलांना ही गोष्ट लगेच भिडते.

वाङ्मयचौर्याबद्दल एकच गैरसमज आवर्जून दूर करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, याचा अर्थ विद्यार्थी ‘तेवढे उतरवायला चालते’ असा घेतात. पण साम्याची ही टक्केवारी काढणारे सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द मोजते; शब्द बदलून उचललेली कल्पना त्याला सहसा सापडत नाही.

लेखकांच्या नावांचा प्रश्न मात्र प्रकल्प सुरू होण्याआधीच सोडवावा. नमुने कोणी आणले, आकडेमोड कोणी केली, मजकूर कोणी लिहिला, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतो; ज्याने केवळ बाटल्या वाहून आणल्या त्याचे आभार मानायचे, आणि माझे नाव घालायचे असेल तर माझ्या कामाचीही नोंद त्याच पानावर करायची.