कोचला कुलगुरूंपेक्षा जास्त पगार?

प्रश्न: भाचा अमेरिकेत ओहायोला शिकतो, म्हणतो त्यांच्या कॉलेजच्या फुटबॉल कोचला कुलगुरूंपेक्षा कितीतरी जास्त पगार आहे. आमच्या इथं पीटीच्या सरांना बॉलसाठी पण अर्ज करावा लागतो! खरंय का हे, आणि ती पोरं अभ्यास कधी करतात?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: खरंय हो. हा अमेरिकन फुटबॉल बरं का, आपला नव्हे. टीव्हीचे हक्क, तिकिटं, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, पैसा तिथनं येतो आणि बऱ्याच ठिकाणी बाकीचे न कमावणारे खेळ पण त्यावरच चालतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं २०२३ ला फुटबॉल कोच जिम्बो फिशरना काढलं, तर करार मोडला म्हणून ७.५ कोटी डॉलरच्या वर द्यायची वेळ आली, म्हणजे काम बंद नि पगार चालू, मजाय! पोरांना मात्र वर्षानुवर्षं कॉलेजकडनं नुसती स्कॉलरशिप. खेळाडूंनी केलेल्या खटल्यातल्या समझोत्यामुळं २०२५-२६ पासून कॉलेज त्यांना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून साधारण २.०५ कोटी डॉलरपर्यंत. अभ्यासाचं म्हणाल तर एपीआर म्हणून हिशोब असतो, पोरं पास होतायत का, टिकतायत का, टीमची चार वर्षांची सरासरी १००० पैकी ९३० च्या खाली गेली की सीझननंतरच्या मॅचवर बंदी येऊ शकते, म्हणून ट्यूटर, सल्लागार असा वेगळा स्टाफच ठेवतात. सोप्पे विषय घ्यायला लावतात अशी ओरड आहे, आणि मला ती पटते.