गोळ्यांची पट्टी शिवणाच्या डब्यात का?

प्रिय मावशी,

माझं वय ३१, लग्नाला चार वर्षं झाली. कॉलेजात असल्यापासून पीसीओडी आहे. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. जुलैत टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि चवथीला दहा दिवस असताना, नवव्या आठवड्यात, सगळं संपलं. पिशवी साफ करावी लागली. चौथ्या दिवशी मी कामावर गेले. घरात गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधत होते तेव्हा मी आतल्या खोलीत दार लावून बसले होते.

टेस्ट आली तेव्हा मी मेटफॉर्मिन घेत होते. शेजारच्या काकी म्हणाल्या, पोटात बाळ असताना साखरेच्या गोळ्या घेऊ नयेत, म्हणून मी डॉक्टरांना न विचारता बंद केल्या. त्यामुळेच हे झालं का? आता डॉक्टरांनी त्या पुन्हा सुरू केल्यात आणि पुढच्या पाळीपासून लेट्रोझोल सांगितलंय. फोनवर बघितलं तर ते कॅन्सरचं औषध! फार्मसीतल्या मुलाने चार माणसांसमोर विचारलं, "शुगर कुणाला?" तेव्हापासून गोळ्या शिवणाच्या डब्यात लपवून ठेवते. सासूबाई म्हणतात, आधी देवीकडे पाकळी लावून कौल घेऊ, मग औषधांचं बघू. नवरा म्हणतो, "तुला बरं वाटेल ते कर." मी काय करू?

फोंडा तालुक्यातली एक वाचक

बाय,

तुझ्या पत्रात पाच-सहा प्रश्न आहेत, पण बाकी सगळे ज्या एका प्रश्नावर उभे आहेत त्याचं उत्तर आधी देते. गोळी बंद केलीस म्हणून बाळ गेलं असं म्हणायला काहीही आधार नाही. मेटफॉर्मिन चालू ठेवलं की सुरुवातीचा गर्भ टिकतो, असं आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही. मग ते थांबवलं म्हणून गर्भ गेला, हा आरोप तू स्वतःवर कशाच्या जोरावर ठेवतेस? कळून आलेल्या दर शंभर गर्भारपणांतली दहा ते पंधरा अशीच थांबतात, आणि पहिल्या तीन महिन्यांत थांबलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास ठिकाणी गर्भाच्या गुणसूत्रांतच चूक असते. ती चूक बहुधा बीज बनताना किंवा जुळतानाच झालेली असते. तेव्हा तुला दिवस राहिल्याचं कळलेलंही नव्हतं. पीसीओएस, म्हणजे तू लिहिलेली पीसीओडीच, असलेल्यांमध्ये हा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त दिसतो, हे खरं आहे आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण धोका जास्त असणं वेगळं आणि तुझा दोष असणं वेगळं.

डॉक्टरांना न विचारता औषध थांबवायला नको होतं, एवढंच. पुढच्या वेळी टेस्ट आली की त्याच दिवशी दवाखान्यात फोन कर आणि चालू ठेवायचं की थांबवायचं ते त्यांनाच सांगू दे. काही डॉक्टर पहिले तीन महिने चालू ठेवतात, काही टेस्ट आल्यावर थांबवतात. मेटफॉर्मिन वारेतून बाळापर्यंत पोचतं, पण त्यामुळे बाळात व्यंग येतं असं दिसलेलं नाही. त्यामुळे दोन्हीकडे घाबरण्यासारखं काही नाही.

माझंही एक असंच गेलं होतं, तिसऱ्या महिन्यात. फार वर्षं झाली. दवाखान्यातून आले त्या संध्याकाळी मागीलदारी विहिरीवर जाऊन मी स्वतःच चादर धुतली, कारण ती कुणी दुसऱ्याने बघावी असं मला वाटत नव्हतं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. रात्री उकड्या तांदळाची पेज आणून पुढ्यात ठेवली, झालं. त्यानंतर त्या बाळाचा विषय त्या घरात कधी निघाला नाही. तू दार लावून बसलीस हे वाचलं आणि मला ती चादर आठवली. म्हणून सांगते, लपवण्याची सवय लवकर लागते आणि फार काळ टिकते.

आता औषधांकडे येऊ. मेटफॉर्मिन घेतेस म्हणजे तुला मधुमेह आहे असं नाही. पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. मग शरीर आणखी इन्सुलिन बनवतं. हे जादा इन्सुलिन बीजकोशाला पुरुषी हार्मोन वाढवायला लावतं, स्त्रीबीज पुरतं पिकत नाही, सुटत नाही, आणि पाळी दोन-दोन महिने लांबते. मेटफॉर्मिन यकृतातून सुटणारी साखर कमी करतं, त्यामुळे इन्सुलिनची गरज उतरते. औषध जुनं आहे, ब्रिटनमध्ये १९५८ पासून वापरात आहे. त्याचा खरा त्रास म्हणजे मळमळ आणि जुलाब. सकाळी कामाला जायला बस पकडायची असेल तर हा त्रास किती मोठा होतो ते मला कळतं. उपाशीपोटी घेऊ नकोस, जेवताना घे. डॉक्टर सहसा ५०० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. तरी पोट बिघडत असेल तर सावकाश विरघळणारी गोळी मिळते, तिच्याबद्दल विचार. वर्षानुवर्षं घेतलंस तर अधूनमधून बी-१२ तपासून घे.

पण एकटं मेटफॉर्मिन गर्भ राहण्यासाठी सहसा पुरत नाही. २००७ साली अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ६२६ बायकांवर झालेल्या अभ्यासात नुसत्या मेटफॉर्मिनवर शंभरातल्या सातेक जणींनाच बाळ झालं, क्लोमिफेन या बीज सुटण्यासाठीच्या जुन्या गोळीवर बावीसेक जणींना. म्हणून डॉक्टरांनी तुला दुसरं औषध दिलं, ते मला योग्यच वाटतं.

त्या दुसऱ्या औषधाने तुझी झोप उडवली आहे. लेट्रोझोल स्तनाच्या कॅन्सरसाठी दिलं जातं, हे खरं. पाळी गेलेल्या बायका ते रोज, वर्षानुवर्षं घेतात. तुला ते फक्त पाच दिवस घ्यायचंय, बहुधा पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून, आणि सुरुवातीला सहसा अडीच मिलिग्रॅमच. शरीरातलं इस्ट्रोजेन ते थोडे दिवस खाली आणतं. मेंदूला वाटतं की बीजकोश कामात ढिला पडलाय, मग तो जोराने हुकूम सोडतो आणि बीज वाढायला लागतं. औषध अंगात फार दिवस राहत नाही, दर दोन दिवसांत साधारण निम्मं होतं. बीज सुटून गर्भ पिशवीत रुजेपर्यंत त्यातलं जवळजवळ काही उरलेलं नसतं.

तू फोनवर आणखी शोधलंस तर कळेल की २०११ मध्ये भारत सरकारने वंध्यत्वासाठी लेट्रोझोल द्यायला बंदी केली होती. ते वाचून पुन्हा घाबरशील, म्हणून पुढचंही सांगून ठेवते. बाळात व्यंग येईल या भीतीने ती बंदी आली. नंतरच्या अभ्यासांत तशी वाढ आढळली नाही आणि २०१७ मध्ये बंदी उठली. मधल्या काळात, २०१४ साली, अमेरिकेतला ७५० बायकांचा मोठा अभ्यास आला. जास्तीत जास्त पाच पाळ्यांच्या उपचारात क्लोमिफेनवर शंभरातल्या १९ जणींना बाळ झालं, लेट्रोझोलवर २७-२८ जणींना. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पीसीओएससाठी बीज सुटायला पहिलं औषध म्हणून त्याचंच नाव आहे. मात्र आकडा नीट वाच. पाच पाळ्या धरूनही शंभरातल्या सत्तरहून जास्त जणींच्या हाती तेव्हा बाळ नव्हतं. त्यामुळे पहिल्या महिन्यात पाळी आली तर ते तुझं अपयश समजू नकोस.

एक गोष्ट विसरू नकोस. लेट्रोझोल सुरू करण्याआधी दिवस राहिलेले नाहीत याची टेस्ट करूनच घे. तुझी पाळी मुळात लांबते, त्यामुळे अंदाजावर जाऊ नकोस.

आणि एक काम आजच कर. घरातली औषधांची पिशवी उलटी करून बघ. पीसीओएसमध्ये तोंडावरच्या मुरमांसाठी, केसांसाठी त्वचेच्या डॉक्टरांनी कधीकाळी काही दिलेलं असतं. स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइड, आयसोट्रेटिनॉइन यांतलं काही चालू असेल तर डॉक्टरांना लगेच सांग. ती गर्भाला खरोखर घातक आहेत आणि दिवस राहण्याआधीच बंद व्हायला हवीत. काकींनी ज्या गोळीची भीती घातली ती तुलनेने निरुपद्रवी, आणि जिची भीती वाटायला हवी तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, याचा मला फार राग येतो.

फॉलिक अॅसिड आत्तापासून घे, टेस्ट येण्याची वाट बघू नकोस. साधारणपणे रोज ४०० मायक्रोग्रॅम. साखर असेल किंवा वजन बरंच जास्त असेल तर डॉक्टर मोठा डोस देतात. ग्लुकोजचं पाणी पिऊन करायची साखरेची तपासणी आणि थायरॉइड झालं नसेल तर करून घे. वजनाबद्दल तू लिहिलं नाहीस, मीही उगाच लिहीत नाही. जास्त असेल तर पाच टक्के उतरलं तरी पाळीत फरक पडतो. त्यासाठी शीत-हुमण, म्हणजे आपला भात आणि माशांची आमटी, सोडायची गरज नाही, ताटातलं शीत थोडं कमी कर.

"सहा महिने थांबा" असं तुला घरचे सांगत असतील. स्कॉटलंडमधल्या तीस हजारांहून जास्त बायकांच्या नोंदींचा अभ्यास २०१० मध्ये आला. सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस राहिलेल्यांचं काही बिघडलेलं दिसलं नाही, उलट त्यांचं बरं चाललं. शरीरासाठी थांबायची गरज नाही. मनासाठी थांबावंसं वाटलं तर थांब, पण ते तू ठरव.

बीज सुटल्याचं सांगणाऱ्या लघवीच्या पट्ट्या विकत घेऊन महिनाभर न्हाणीघरात त्यांच्याकडे बघत बसू नकोस. पीसीओएसमध्ये त्या फसवतात, कारण ज्या हार्मोनवरून त्या सांगतात ते काही जणींत एरवीच वाढलेलं असतं. सोनोग्राफीवर फॉलिकल स्टडी, म्हणजे बीज किती वाढलंय ते बघणं, करून घेणं बरं. आणि दिवस राहिले की सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी कर. त्याआधी पोटात एका बाजूला जोराचं दुखलं, चक्कर आली, रक्त गेलं, तर रात्र असो की पाऊस, उद्यावर ढकलू नकोस. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचा दवाखाना, चोवीस तास उघडा असतो.

कौलाचं म्हणशील तर मी अशाच देवळाच्या सावलीत वाढले. मूर्तीला लावलेली पाकळी उजवी, म्हणजे होकाराची, सुटेपर्यंत तासभर हात जोडून उभी राहिलेली माझी आई मला अजून दिसते. सासूबाईंबरोबर जरूर जा. ओटी भर, मनात साचलंय ते देवीपुढे मोकळं कर. पण गोळी घ्यायची की नाही, हा प्रश्न तिच्यापुढे ठेवू नका. डावी पाकळी पडली तर तू औषध सोडशील आणि मग देवीवरही रुसशील. सासूबाईंनाच विचार, गावच्या डॉक्टरने तापाची गोळी दिली तेव्हा त्यांनी कौल घेतला होता का? भांडण म्हणून नको, जवळ बसून विचार. मला वाटतं, त्याही घाबरल्यात. घरातलं एक बाळ त्यांचंही गेलंय.

चौथ्या दिवशी कामावर गेलीस. तुला कुणी सांगितलं नाही, पण कायद्यात मिसकॅरेजनंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद आहे. तुमच्या कंपनीत तुझ्यासारखी आणखी कुणी असेल, तिला तरी हे सांगून ठेव.

राहिला नवरा. "तुला बरं वाटेल ते कर" हे त्याने प्रेमाने म्हटलं असेल, पण त्याने सगळं ओझं तुझ्या एकटीच्या डोक्यावर आलंय. त्याची वीर्यतपासणी झाली आहे का? तू लिहिलं नाहीस, म्हणजे बहुधा नाही. एकदा दिवस राहिले होते म्हणून ती टाळायची नसते. तुझी औषधं सुरू होण्याआधी ती व्हायला हवी, खर्चही फारसा नसतो. शिवणाचा डबा त्याच्यासमोर उघड आणि आपण काय घेतोय, कशासाठी घेतोय ते त्याला सांग. पाळी आली की पहिल्याच दिवशी दवाखान्यात फोन करायचा असतो, तो फोन त्याला करू दे. तिसऱ्या दिवशी जायचं झालं तर त्याने रजा टाकावी आणि फाइल त्याच्या हातात असावी.

आणि मला लिही. बातमी कुठलीही असली तरी लिही.

तुझी मावशी