फाइव्ह-जी फोनचा हप्ता सुरू करण्याआधी

तुमचा प्रश्न असा: फोर-जी फोन धडधाकट आहे, पण घरून काम करताना व्हिडिओ कॉल अडकतात, तेव्हा हप्त्यावर फाइव्ह-जी फोन आणि सव्वापट महाग प्लॅन घ्यावा का? या महिन्यात तरी घेऊ नका.

सव्वापट प्लॅन म्हणजे ३६ महिन्यांत आजच्या दराने ९ महिन्यांचं जादा बिल. फोनची किंमत वेगळीच. हप्ता 'बिनव्याजी' असेल, तर रोखीने घेतल्यास किती सूट मिळाली असती ते विचारा. व्याज अनेकदा तिथे दडलेलं असतं.

एवढं मोजून मिळणार काय? स्वच्छ व्हिडिओ कॉलला सेकंदाला ३-४ मेगाबिट पुरतात आणि बरं फोर-जी त्याच्या कितीतरी पट देतं. तुम्हीच लिहिलंय की खिडकीपाशी कॉल नीट चालतो, आतल्या खोलीत दार लावलं की समोरचा चेहरा गोठतो. मला यात भिंतीचा दोष दिसतो. फाइव्ह-जीचा खरा वेग ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर मिळतो आणि त्याच लहरी भिंतीत जास्त अडतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी आत पोचतात, पण त्यांच्यावरचा वेग फोर-जीहून फार वेगळा नसतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी फाइव्ह-जी अजून फोर-जीच्या गाभ्यावरच, म्हणजे कंपनीच्या जुन्या मुख्य यंत्रणेवरच, चालतं. पडद्यावर 5G दिसतं, आणि तुमचा आवाज नि चित्र मात्र अनेकदा फोर-जीवरूनच वर जात असतं.

एका बाबतीत मात्र फाइव्ह-जीला पैसे मोजणं योग्य ठरेल, ती म्हणजे गर्दी. लहरींचा पट्टा रस्त्यासारखा असतो, रुंद असला की जास्त लोक मावतात. फोर-जीचा एक पट्टा जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असतो, तर मधल्या (३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या) लहरींवरच्या फाइव्ह-जीचा १००पर्यंत जातो. म्हणून त्याच खोलीत दार लावून आठवडाभर पहाटे आणि रात्री नऊला वेग मोजा, अपलोडसुद्धा. दोन्ही वेळा रडतखडत असेल तर दोष भिंतीचा. फक्त रात्री बिघडत असेल तर टॉवरवरच्या गर्दीचा. मग तुमच्याच कंपनीचं सिम असलेला कुणाचा तरी फाइव्ह-जी फोन तासभर मागून घ्या आणि त्याच खुर्चीत बसून कॉल लावा.

दोष भिंतीचा निघाला, तर दुसऱ्या सिमच्या खाचेत महिनाभर वेगळ्या कंपनीचं सिम घालून पाहा. तिचा टॉवर दुसऱ्या दिशेला असू शकतो. घरात ब्रॉडबँड असेल तर कॉल वायफायवर घ्या, त्यासाठी नवा फोन लागत नाही.

आकडे हाती आले की कळवा. हप्त्याचा हिशेब तेव्हा मांडू.